आत काय होणार, ते दाराबाहेरच सांगा

महाराष्ट्रातील रेडिओलॉजिस्ट डॉक्टर, एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी व एमआरआय केंद्रांचे चालक आणि तिथे काम करणारे तंत्रज्ञ यांना खुले पत्र

सन्माननीय डॉक्टर, केंद्रचालक आणि तंत्रज्ञ बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तपासणीच्या खोलीत येणाऱ्या माणसाच्या अंगावर बहुतेक वेळा स्वतःचे कपडे नसतात. चष्मा, दागिने, फोन सगळं बाहेर ठेवलेलं असतं. सोबत आलेलं माणूस दाराबाहेर थांबलेलं असतं. अशा वेळी कुणी हात लावला, तर तो हात तपासणीसाठी लागला की उगाच लागला, हे आडव्या पडलेल्या माणसाला कळायला काहीच मार्ग नसतो. कारण या तपासणीत काय काय करतात, हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मला या पत्रात तेवढ्या एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

माझ्या धाकट्या बहिणीला कंबरदुखीसाठी एमआरआय करायला सांगितलं होतं. केंद्राचं आणि गावाचं नाव मी लिहीत नाही. बहिणीची तशी इच्छा नाही, आणि हे पत्र एका केंद्राविरुद्ध नाहीही. दिवसाचे नंबर भरलेले होते म्हणून रात्रीची वेळ मिळाली. तिला गाउन देऊन कोपऱ्यात कपडे बदलायला पाठवलं, तिथला पडदा पूर्ण सरकत नव्हता. आत एक तरुण तंत्रज्ञ, आणि काचेपलीकडे आणखी दोन मुलगे. ते कोण, त्यांचं तिथे काय काम, हे कुणी सांगितलं नाही. त्यांचं आपसांत हसणं चालू होतं, एकाच्या हातात मोबाईल होता. तंत्रज्ञाने तिला टेबलावर झोपवलं, काही न बोलता कमरेला दोन्ही बाजूंनी धरून सरकवलं, गाउन सरळ करताना मांडीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "डोळे मिटा." तिने मिटले. मग टेबल आत गेलं आणि मशीनचा तो ठोकल्यासारखा आवाज सुरू झाला. बाहेर आल्यावर मेव्हण्यांनी विचारलं, "झालं का नीट?" ती "हो" म्हणाली. पुढे कित्येक दिवस ती कुणाशीच यावर बोलली नाही.

मग एका दुपारी भाजी निवडता निवडता तिने मला विचारलं, "ताई, एमआरआय करताना डोळे मिटायला सांगतात का गं? आणि कमरेला असं धरावं लागतं का?" विचारताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला तक्रार करायची नव्हती. आपल्यासोबत झालं ते बरोबर की चूक, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं, आणि इतक्या दिवसांत हे विचारायला तिला एकही जागा सापडली नव्हती. इंटरनेटवर तिने शोधलं होतं. तिथे एमआरआय म्हणजे काय, चुंबक कसं काम करतं, खर्च किती येतो हे सगळं होतं. तंत्रज्ञ कुठे हात लावतो, हे कुठेही नव्हतं.

मी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त तंत्रज्ञांकडे गेले. आयुष्यभर सरकारी रुग्णालयात काम केलेले सज्जन गृहस्थ. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. रुग्णाला मध्यरेषेवर सरळ झोपवण्यासाठी लाल लेझरचा प्रकाश टाकतात, तो डोळ्यांत जाऊ नये म्हणून डोळे मिटायला सांगतात. कंबर वाकडी राहिली तर चित्रं नीट येत नाहीत, म्हणून कधी कमरेला धरून थोडं सरकवावं लागतं. कण्याची चित्रं टिपणारा भाग, म्हणजे कॉईल, टेबलातच असते, रुग्ण तिच्यावर झोपतो, त्यामुळे अंगाला आणखी काही बांधावं लागत नाही. आणि मांडी? ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "नाही. मांडीला हात लावायचं काही कारण नाही. गाउन सरळ करायचा असेल तर बाईला सांगायचं, ती करते."

म्हणजे ज्या तीन गोष्टी बहिणीच्या मनात सलत होत्या, त्यातल्या दोन कामाच्या होत्या आणि एक नव्हती. पण ती या तिन्हींना सारखीच घाबरत होती. डोळे मिटायला सांगणं तिला सगळ्यात भयंकर वाटलं होतं, कारण त्यानंतर काय झालं असेल याची कल्पना करत ती रात्र रात्र जागत होती. त्या तंत्रज्ञाने "लेझर आहे, डोळे मिटा" असा एक शब्द जास्तीचा उच्चारला असता, तर ती भीती उरली नसती. आणि उरलेली एक गोष्ट तिला तिथल्या तिथे ओळखता आली असती.

तुम्ही आणि तुमच्यातले बहुसंख्य लोक नेकीने काम करता हे मी जाणते. म्हणूनच हे तुम्हाला लिहिते आहे. तुमच्या कामात हात लावणं अटळ आहे, पण आम्हा रुग्णांना ते माहीत नाही. खुब्याचा एक्स-रे काढताना तंत्रज्ञ ओटीपोटाच्या बाजूचं आणि मांडीच्या वरच्या टोकाचं हाड चाचपतो, पाय आत वळवून अंगठे एकमेकांकडे करतो. हाड सापडल्याशिवाय किरण नेमके कुठे टाकायचे हे त्याला कसं कळणार? टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करताना रुग्णाला डाव्या कुशीवर वळवतात, छाती उघडी करतात, आणि हृदयाचं टोक पाहण्यासाठी प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचं हातातलं उपकरण, डाव्या स्तनाच्या खाली ठेवावा लागतो. कधी स्तन हाताने वर उचलावा लागतो. छातीच्या एक्स-रेला ब्लाउज, हुक, मंगळसूत्र काढायला सांगतात, कारण धातू फिल्मवर उमटतो. 'आतून' करायच्या सोनोग्राफीत प्रोबवर निरोध चढवून जेल लावून तो योनीमार्गात घालतात, दोन्ही बीजकोश दिसण्यासाठी तो दोन्हीकडे वळवतात, आणि कधी डॉक्टर दुसऱ्या हाताने पोट दाबतात. ही सगळी रीतसर तपासणी आहे. पण जिला हे आधी सांगितलेलं नाही, तिच्यासाठी अनोळखी पुरुषाने बंद खोलीत केलेलं हे एक अनाकलनीय काहीतरी असतं. खेड्यातून आलेली, पंचेचाळीस-पन्नास वर्षं नवऱ्याशिवाय कुणाला अंगाला हात लावू न दिलेली बाई टूडी इकोच्या टेबलावर कशी आक्रसते, हे तुम्ही रोज पाहता. मग तिच्यावरच कुणीतरी ओरडतं, "आजी, अंग ढिलं सोडा ना, किती वेळ लावताय!"

याच्या उलटं कसं असतं, तेही मी स्वतः अनुभवलं आहे. माझी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, झाली तेव्हा तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी आधी मला खुर्चीवर बसवलं, मी पूर्ण कपड्यांत असताना. म्हणाल्या, "दोन्ही बाजूंचे दोन-दोन असे चार फोटो काढायचेत. मी स्तन हाताने धरून प्लेटवर ठेवणार, वरून दुसरी प्लेट दाबणार. दुखेल, पण काही सेकंदच. जितकं पसरेल तितका फोटो स्वच्छ येतो आणि किरण कमी लागतात. असह्य झालं तर 'थांबा' म्हणा, मी लगेच सोडते." मग त्यांनी एका वेळी एकच बाजू उघडी करायला सांगितली, दुसरीवर गाउन तसाच. प्रत्येक वेळी हात लावण्याआधी सांगितलं. दुखलं, चांगलंच दुखलं. पण घरी येताना माझ्या मनात एकही प्रश्न नव्हता. या सगळ्या बोलण्याला त्यांना फार तर दोन मिनिटं लागली असतील. त्या कुठे शिकल्या हे मी विचारलं, तर म्हणाल्या, "शिकवलं नाही कुणी. माझी स्वतःची काढली होती एकदा, तेव्हा कळलं."

मला हेच अस्वस्थ करतं. ज्या गोष्टीवर रुग्णाची सगळी मनःशांती अवलंबून आहे, ती एखाद्या चांगल्या माणसाच्या स्वभावावर सोडलेली आहे.

दाराच्या आत जाण्याआधीच पुष्कळ काही घडतं. सोनोग्राफी केंद्राच्या काउंटरवर गर्भवतीचा फॉर्म 'एफ' भरून घेतात. त्यात आधीची मुलं किती, मुलगे किती, मुली किती हे लिहायचं असतं. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने ते बंधनकारक आहे, आणि ज्या राज्याने १९८८ साली देशात सर्वांत आधी असा कायदा केला त्या राज्याची रहिवासी म्हणून मला त्याचा अभिमानच आहे. पण भरलेल्या हॉलमध्ये, "मुली किती? दोनच ना? तिसऱ्यांदा राहिलंय?" असं खणखणीत आवाजात विचारा, असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. "शेवटची पाळी कधी आली?" हे वीस माणसांसमोर विचारा, असंही नाही. कॉलेजच्या मुलीला, तिच्या वडिलांसमोर, "लग्न झालंय का?" असं विचारतात. खरं तर डॉक्टरांना जाणून घ्यायचं असतं ते वेगळंच. आतून सोनोग्राफी करता येईल का, एवढाच तो प्रश्न आहे. तो आत, एकटीला, सरळ शब्दांत विचारावा, आणि ती नको म्हणाली तर पोटावरून करावी.

पुरुषांचं वेगळं नाही. माझ्या काकांना प्रोस्टेटचा त्रास आहे. सोनोग्राफीत आधी भरलेलं मूत्राशय बघतात, मग लघवी करून यायला सांगून आत किती उरली ते परत बघतात. शिक्षक म्हणून निवृत्त झालेला हा माणूस स्वच्छतागृहातून बाहेर येताच हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून हाक आली, "आजोबा, सगळी झाली का? का राहिली अजून?" तिथे त्यांचे दोन जुने विद्यार्थी बसले होते. काका पुढच्या तपासणीला गेलेच नाहीत. वृषणाच्या सोनोग्राफीला आलेला तरुण मुलगा, गर्भाशयाच्या नळ्यांचा एक्स-रे काढायला आलेली मूल न होणारी बाई, पुरुषांच्या रांगेत की बायकांच्या रांगेत बसायचं हे न ठरवता येणारी तृतीयपंथी व्यक्ती, या सगळ्यांना दारात आल्यापासून आवाज खाली ठेवून बोलणारं माणूस लागतं. त्यासाठी नवीन मशीन लागत नाही.

एक गोष्ट मला डॉक्टरांना वेगळी सांगायची आहे. गर्भलिंगाच्या कायद्याचा धाक बसल्यापासून कितीतरी डॉक्टर गर्भवतीशी बोलायचेच बंद झाले आहेत. स्क्रीन पलीकडे वळवलेला, चेहरा कोरा, आणि "रिपोर्ट तुमच्या मॅडम सांगतील." कायद्याने मनाई आहे ती लिंग सांगायला, शब्दांनी, खुणेने, कशानेही. ठोके व्यवस्थित आहेत, बाळाची वार अमुक ठिकाणी आहे, बाळ उलटं झोपलंय म्हणून वेळ लागतोय, जरा चालून या, हे सांगायला कुणाचीच मनाई नाही. डॉक्टर एकाच जागी बराच वेळ प्रोब फिरवत राहतात आणि काही बोलत नाहीत, तेव्हा त्या बाईच्या मनात काय येत असेल? आणि ज्या वेळी खरोखर ठोके सापडत नाहीत, त्या वेळी तिच्या डोक्यावरून सहायकाला इंग्रजीत सांगितलेलं वाक्य तिला कळत नाही असं समजू नका. तिला कळतं.

आता मोबाईलबद्दल. डिसेंबर २०२४ मध्ये भोपाळमधल्या एका एमआरआय केंद्रात, कपडे बदलण्याच्या खोलीच्या छतात लपवलेला, चित्रीकरण सुरू असलेला फोन सापडला. ज्या बाईच्या सोबत आलेल्या नवऱ्याला तो दिसला, त्याने वर पाहिलं नसतं तर? ती बातमी वाचल्यापासून माझी बहीण कापड दुकानाच्या ट्रायल रूममध्येही जात नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली बाईचं असं चोरून चित्रीकरण करणं हा गुन्हा आहे, पहिल्या खेपेलाही किमान एक वर्षाची कैद आहे. पण मी गुन्हेगारांबद्दल बोलत नाही, त्यांच्यासाठी पोलीस आहेत. मी बोलते आहे ते गाउनमधल्या बाईसमोर फोनवर रील बघत उभ्या राहणाऱ्या कर्मचाऱ्याबद्दल. त्याच्या मनात काही वाईट नसेलही. पण समोरचीला फोनची पाठच दिसते, आणि त्या पाठीवर कॅमेरा असतो. शिवाय 'बघ केस कशी आहे' म्हणून रुग्णाचं नाव, वय तसंच ठेवून व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फिल्म्स. नाव झाकायला एक अंगठा पुरतो.

आणि सांगण्यातली चूक किती महागात पडू शकते, याचं याहून मोठं उदाहरण मुंबईकरांच्या अजून लक्षात आहे. जानेवारी २०१८ मध्ये नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. मशीन बंद आहे, असं कर्मचाऱ्याने सांगितल्याचं नातेवाइकांचं म्हणणं होतं. एमआरआयचं चुंबक तपासणी चालू नसतानाही चालूच असतं. सिलिंडरसकट तो तरुण मशीनकडे खेचला गेला आणि दगावला. तुम्ही म्हणाल, ही सुरक्षेची बाब, आणि मी बोलते आहे ती वागणुकीची. मला दोन्हीचं मूळ एकच दिसतं. आत आलेल्या माणसाला नीट, खरं आणि वेळेवर सांगायचं काम कुणावर सोपवलेलंच नसतं. जो हाताशी असेल तो काहीतरी सांगतो.

यावर लक्ष ठेवायचं कुणी, हे शोधत गेले तर मला चारी बाजूंनी थोडं थोडं दिसलं, मधोमध मात्र रिकामं. एक्स-रे आणि सीटीच्या किरणांवर मुंबईचं अणुऊर्जा नियामक मंडळ नजर ठेवतं, यंत्राला परवाना देतं. सोनोग्राफी मशीनची नोंदणी होते, फॉर्म तपासले जातात. राज्याचा १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, २०२१ मध्ये त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद लावण्याची तरतूदही आली. पण त्या कायद्यातलं शुश्रूषागृह म्हणजे आजाऱ्याला ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करण्याची जागा. फोटो काढून तासाभरात माणूस घरी जातो असं स्वतंत्र केंद्र त्या व्याख्येत बसत नाही. केंद्र सरकारचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट (वैद्यकीय आस्थापना) कायदा निदान केंद्रांनाही लागू होतो, पण तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या मंडळाची मान्यता घेणं ऐच्छिक. म्हणजे किरण मोजले जातात, कागद मोजले जातात, आणि त्या टेबलावर झोपलेल्या माणसाशी कोण कसं वागलं हे पाहणं कुणाचंच काम नाही.

तरीही काही आधार आहेत, आणि ते तुमच्या केंद्रातल्या प्रत्येकाला ठाऊक असावेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत स्पष्ट म्हटलं आहे की पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असेल तर तिला दुसरी स्त्री हजर ठेवण्याचा आग्रह धरता येतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त तिथे नोकरी करणाऱ्या बायकांसाठी आहे, असा सगळीकडे समज आहे. तो चूक आहे. त्या कायद्यात पीडित स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही, आणि आरोग्यसेवा देणारी खाजगी जागाही त्यात 'कामाचं ठिकाण' धरली आहे. म्हणजे रुग्ण बाईलाही त्या ठिकाणच्या अंतर्गत तक्रार समितीकडे तक्रार करता येते. दहापेक्षा कमी माणसं काम करत असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रारीची मुदत तीन महिन्यांची, सबळ कारण असेल तर आणखी तीन. आणि इथे मी पुन्हा माझ्या मूळ मुद्द्यावर येते. आपल्यासोबत झालं ते तपासणीचा भाग होतं की नव्हतं, हे समजायलाच बाईला तीन महिने लागले, तर ही मुदत तिच्या काय कामाची? माझ्या बहिणीची मुदत अशीच शंका घेण्यात संपली.

हे पत्र लिहायच्या आधी मी काही तंत्रज्ञांशी बोलले. त्यांचंही ऐकून घ्यायला हवं. दिवसभर एकामागून एक रुग्ण, कंत्राटी नोकरी, तुटपुंजा पगार, रात्रपाळीला अख्ख्या केंद्रात एकटा माणूस, आणि रिपोर्ट करणारे डॉक्टर दुसऱ्या शहरात संगणकासमोर. "बोलायला वेळ कुठे आहे?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "आम्हालाच भीती वाटते, मॅडम. उद्या कुणी खोटा आरोप केला तर?" मला ही भीती खरी वाटते. पण तिच्यावरचा उपायसुद्धा तोच आहे. "ताई, टेबल नीट लावायला कमरेचं हाड चाचपतो, चालेल ना?" एवढं विचारून, दुसऱ्या बाईच्या उपस्थितीत हात लावणाऱ्या तंत्रज्ञावर कुणाची शंका जाईल? गैरसमज पिकतो तो मुकाट्याने लावलेल्या हातातून. आणि ज्याला खरोखरच वाईट वागायचं आहे, त्याला तोच मुकेपणा सोयीचा पडतो. वेळेचं म्हणाल, तर आखडून बसलेल्या, हललेल्या रुग्णाची चित्रं बिघडतात आणि पुन्हा काढावी लागतात, हे तुमच्याहून जास्त कुणाला माहीत?

म्हणून माझी मागणी साधी आहे. गर्भलिंगनिदान इथे केलं जात नाही, हा फलक तुमच्याकडे लावलेला आहे. एमआरआयच्या दारावर धातूबद्दलचा फलक आहे. एक्स-रेच्या दारावर गरोदर असल्यास सांगा, असं लिहिलेलं आहे. त्यांच्या शेजारी आणखी एक फलक लावा, प्रत्येक तपासणीचा वेगळा, मराठीत, मोठ्या अक्षरांत, जिथे नंबरची वाट पाहत माणूस बसतो तिथे. कमरेच्या एमआरआयचा असा असू शकेल: "तुम्हाला गाउन घालायला दिला जाईल, कपडे बदलण्याच्या खोलीला आतून कडी आहे. तंत्रज्ञ तुम्हाला टेबलावर उताणं झोपवतील. सरळ करण्यासाठी खांद्याला किंवा कमरेला हात लावतील, त्याआधी तसं सांगतील. लेझरसाठी थोडा वेळ डोळे मिटावे लागतील. छातीला, मांडीला हात लावण्याची या तपासणीत गरज नाही. हातात एक फुगा दिला जाईल, तो दाबला की आम्ही लगेच बोलू. खोलीत आणि काचेपलीकडे ज्यांचं काम आहे तेवढेच लोक असतील, आणि ते कोण हे तुम्ही विचारू शकता. स्त्री रुग्णाला सोबत स्त्री हवी असेल तर काउंटरवर सांगा." ज्यांना वाचता येत नाही त्यांना काउंटरवरच्या मावशींनी ते वाचून दाखवावं. असं काही लिहून लावलं की ते वाचून आत गेलेल्या बाईला, ठरल्यापेक्षा वेगळं काही झालं तर त्याच क्षणी कळेल. आणि आतल्या माणसालाही कळेल की तिला कळतंय.

रात्रपाळीला निदान एक स्त्री कर्मचारी ठेवा. ती तंत्रज्ञ नसली तरी चालेल, मावशी चालतील, पण त्या खोलीत हव्यात, बाहेर झोपलेल्या नकोत. शक्य नसेल तर रात्री स्त्री रुग्णाच्या सोबतच्या बाईला काचेपलीकडे बसू द्या. तपासणीच्या खोलीत आणि काचेपलीकडे मशीन चालवण्याच्या जागी कर्मचाऱ्यांचे वैयक्तिक फोन नकोत. गळ्यात नावाचं ओळखपत्र हवं, एप्रनच्या खिशात नको. आणि तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव रिपोर्टच्या पाकिटावर छापा, कारण प्रश्न पडतो तो घरी गेल्यावर. त्या व्यक्तीने "हे तपासणीत करतात का?" या प्रश्नालाही उत्तर द्यावं, तो तक्रार नसला तरी. माझ्या बहिणीला असा एक नंबर त्या पाकिटावर मिळाला असता, तर तिने दुसऱ्याच दिवशी फोन केला असता.

यातल्या फलकांच्या कामाला मी स्वतः हातभार लावायला तयार आहे. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. प्रत्येक तपासणीत काय होतं ते तुम्ही मला सांगा, मी ते चौथीतल्या मुलीलाही समजेल आणि सत्तर वर्षांच्या आजीलाही संकोच वाटणार नाही अशा भाषेत लिहून देईन. वैद्यकीय बाजू तुम्ही तपासा, छपाई तुमची. सुरुवात टूडी इको आणि आतून करायच्या सोनोग्राफीपासून करावी असं मला वाटतं, कारण बायका सगळ्यात जास्त घाबरतात त्या या दोन तपासण्यांना.

आपली,
एक शिक्षिका, सातारा जिल्हा